डमी आउटपुट

बाबांचा आवाज गेला तेव्हा त्यांचे हात अजून चालत होते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत, असं गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं. आधी जीभ, मग हात, मग श्वास.

बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर आचऱ्याच्या बाजारात लोक त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. आणि आईला मधुमेहामुळे दिसणं जवळजवळ बंद झालेलं. एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. मी सकाळच्या गाडीनं ओरोसला ऑफिसात जायची ती संध्याकाळीच परत. दिवसभर घरात ती दोघंच.

बाबा खाटेच्या दांड्यावर चमचा वाजवायचे. आई चाचपडत यायची आणि अंदाजानं विचारायची, "पाणी होया? पंखो लावू?" बाबांनी मान हलवली तरी तिला ती दिसायची नाही. मग ते तिचा हात दाबायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कितीतरी वेळा नुसतं दोनदा, दोनदा, दोनदा.

फोनच्या काचेवर त्यांचं बोट ठरत नव्हतं, पण कीबोर्डची कळ दाबता येत होती. म्हणून मी कपाटातला माझा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप काढला. त्यातली विंडोज सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायची आणि मग अडकून बसायची. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स चांगलं चालतं, असं सगळीकडे वाचलेलं. एका रविवारी मी सगळं पुसून ते टाकलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला. कळांवर मराठी अक्षरं चिकटवली, लिहिलेलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. बाबांनी एका बोटानं आईचं नाव लिहिलं, मी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी दोन शब्द होते: डमी आउटपुट. म्हणजे आतली आवाजाची चिप लिनक्सला ओळखताच आली नव्हती. वायफाय तर दिसतच नव्हतं, आणि ब्लूटूथ त्याच कार्डावर असल्यामुळे तेही गेलेलं. इंटरनेट फोनला केबल जोडून मिळालं. आवाजाला तसा उपाय सापडेना.

खरं तर लिनक्स टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. काय चालतं, काय नाही, ते तिथेच कळतं. मी ते केलं नव्हतं.

मग मी हट्टाला पेटले. ऑफिसातून आले की खाटेशेजारी बसून परदेशी लोकांचे सल्ले वाचायचे, आज्ञा टाइप करायचे, मशीन बंद करून चालू करायचे. बाबा बघत असायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "रवांदे गो आता." मी म्हटलं, "होतला बाबानू, जवळ इलंय मी." असे तीन आठवडे गेले. तोवर त्यांच्या डाव्या हाताची बोटं वळायची थांबली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, यूएसबीचं साउंड कार्ड मिळतं की बाहेरून लावायचं. बोटाएवढं असतं." मी त्याच संध्याकाळी कुडाळला जाऊन ते घेतलं. घरी येऊन खोचलं, स्पीकर जोडला. कुठलीही आज्ञा लागली नाही.

बाबांनी बराच वेळ घेऊन लिहिलं. यंत्र सपाट, नाकातल्या आवाजात म्हणालं, "जेवलंस मा?"

आई दचकली. "ह्यो कोण बोलता?"

"बाबा बोलतत," मी म्हटलं.

"ह्यो तेंचो आवाज नाय." मग खाटेच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "जेवलंय. तुमी?"

पुढचे बारा-तेरा दिवस घरात बोलणं होतं. भांडणंसुद्धा झाली. बाबांना पेजेशिवाय काही गिळता येत नव्हतं, पण वास येत होता. एका सकाळी मी दारात चपला घालत असताना यंत्र म्हणालं, "बांगडो करपलो." आई चुलीकडून ओरडली, "गप रवा!" आणि पाठोपाठ हसली. ती हसलेली मी कित्येक महिन्यांनी ऐकली.

मग एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. "ता मशीन बिघडला गो. एकच अक्षर बोलता मगासपासून." फोनमधून मलाही ऐकू येत होतं. क, क, क, क. मशीनला काही झालं नव्हतं, कळ दाबली की ते अक्षर बोलायचंच. बाबांना कळेवरचं बोट उचलता येत नव्हतं. मी शेजारच्या काकींना फोन करून घरी पाठवलं आणि मिळाली ती गाडी पकडली.

त्यानंतर त्यांना लिहिता आलं नाही. हातही दाबता येईना. मार्गशीर्षात ते गेले.

तेराव्यानंतर आई एकदा म्हणाली, "ता बोलणारा आधी मिळाला असता तर बरा झाला असता. खूप कायकाय इचारूचा होता."

"तेव्हा कुडाळात मिळत नव्हता," मी म्हटलं.

ती "हां" म्हणाली. मी तिला खरं अजून सांगितलेलं नाही.