डबा कोण रिकामा करतं?

घरात व्हॅक्यूम क्लीनर आणायचं ठरलं तेव्हा कोणता आणायचा हे मी एकटीने ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी चूक तिथेच आहे.

मशीन हवं होतं आईसाठी. आई अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात बरीच वर्षं कापूस निवडायला जायची. तिथली बारीक रुई हवेत उडते, ती तिच्या छातीत गेली ती कायमची. मला अमरावतीत काम मिळालं तशी मी तिला इकडे घेऊन आले. बडनेऱ्याच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, आणि आम्ही राहायला गेलो त्याच महिन्यात समोरचा रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून खोदून ठेवला. डॉक्टरांनी कोरडा झाडू बंद करायला सांगितला. फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. पण गादी, पडदे, दिवाण, पंख्याची पाती यांचं काय? म्हणून मशीन.

धूळ हा माझा विषय. मी ज्या संघटनेत काम करते तिची पत्रकं मी लिहिते. कापूस निवडणाऱ्या बायांना मास्क द्या, धूळ ओढून घेणारे पंखे लावा, या मागण्या मी नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात माइक हातात धरून सांगितल्या आहेत. तेव्हा घरच्या धुळीचं मला कोणी शिकवावं, अशी माझी काही तयारी नव्हती.

मशीन दोन तऱ्हेचं मिळतं. एकात धूळ पिशवीत साठते. पिशवी भरली की ती काढून फेकायची आणि नवी लावायची. दुसऱ्यात पिशवीच नाही, पारदर्शक डबा असतो. भरला की झाकण उघडून ओतून द्यायचा, फिल्टर धुवायचा, वाळवायचा, परत बसवायचा. माझा निकाल लगेच झाला. पिशवी म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकात घातलेली वेसण. मशीन एकदा घेतलं की जन्मभर त्याच कंपनीच्या दारात उभं राहायचं. शिवाय प्रत्येक पिशवी जाणार कचऱ्याच्या डोंगरावर. हे सगळं मी आईला सभेत सांगतात तसं मुद्देसूद सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने मान वर न करता तुले समजते ते आन म्हटलं. मी तो होकार धरला.

डब्याचं मशीन आलं. काम चोख करायचं, खोटं कशाला बोलू. गादीवरून एकदा फिरवलं की डब्यात राखाडी भुगा गोल गोल फिरताना दिसायचा, आणि तो बघून मला एखादा मोर्चा यशस्वी झाल्यासारखं वाटायचं. रविवारी मी फिरवायची, इतर दिवशी आई. डबा भरला की तसाच ठेव, मी आल्यावर रिकामा करीन, असंही मी तिला बजावून ठेवलं होतं.

तरी खोकला वाढला. मी रस्त्यालाच दोषी धरलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, महानगरपालिकेत अर्ज दिला, उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिला, मग अकरा बायांना घेऊन साहेबांच्या दारात बसले. टँकर यायला लागला. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पाणी पडायला लागलं, धूळ बसली, शेजारच्या काकूंनी खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. आम्ही जिंकलो होतो. आणि आई खोकतच होती.

मग एका दुपारी माझी बैठक रद्द झाली आणि मी अवेळी घरी आले. आई मागच्या पायरीवर बसली होती. नाकातोंडावर पदर घट्ट गुंडाळलेला, जिनिंगमधल्या बाया गुंडाळतात तसाच. मान एका बाजूला वळवून ती डबा बादलीच्या काठावर आपटत होती. आत चिकटलेला भुगा काडीने खरवडत होती. उन्हात त्या धुळीचा एक पडदाच्या पडदा लोंबत होता आणि ती त्याच्या आत होती. मग खोकल्याची उबळ आली. डबा ठेवून तिने भिंत धरली, आणि ती उबळ लवकर संपली नाही.

मी पाणी दिलं आणि वर रागावले. माझी वाट का पाहिली नाही म्हणून.

ती म्हणाली, "तू येतं सातले. डबा भरला का मशीन वढत नाई. मंग मी का तुही वाट पाहत घान समोर घेऊन बसू?"

मी फिल्टरचं सांगायला लागले. कसा तो बारीक कणही अडवतो, कशी मशीनमधून स्वच्छ हवा बाहेर येते. तिने ऐकून घेतलं.

"जिनिंगमंदी मालक बी असंच म्हने, एवढी काई धूळ नाई. त्यानं कधी हातानं काढली नवती." आणि लगेच, "मशीन आनताना मले इचारलं होतं काय?"

विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. यातला फरक मी पत्रकांत ठळक अक्षरांत छापते. जिच्या अंगावर काम पडतं तिला आधी विचारा, हे मी परक्या माणसांना त्यांच्याच ऑफिसात उभं राहून ऐकवलं आहे. आता माझा सवाल जाहिरातवाल्यांना आहे. डब्यात धूळ भरताना तुम्ही दाखवता. भरलेला डबा हसऱ्या बाईच्या हातात दाखवता. तो ओतताना का दाखवत नाही? मशीन फिरवणारा एक असतो आणि डबा आपटणारी बहुतेक घरांत दुसरीच असते. हा प्रश्न तुमच्या तुलनेच्या तक्त्यांत नसतो. माझ्याही डोक्यात नव्हता, ते मी मान्य करते. पण तक्ते मी बनवत नाही, तुम्ही बनवता.

पुढच्या आठवड्यात आईला अकोल्याच्या तिच्या जुन्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. डबा आणि पायरीवरची ती दुपार मी त्यांच्यापुढे मांडली. ते म्हणाले, ही धूळ तिच्या नाकाशी येताच कामा नये, नाहीतर श्वासासाठी तोंडात मारायच्या फवाऱ्याचं औषध वाढवावं लागेल, आणि त्यानंतर वाढवायला फारसं काही उरत नाही. तिथून आम्ही तडक बाजारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. या वेळी मी गप्प बसायचं ठरवलं होतं. दुकानदार तरुण होता, बोलका. त्याने डब्याचंच मशीन पुढे केलं. आजकाल सगळे हेच नेऊन राहिले मावशी, पिशवीची झंझटच नाही. आईने चालवून दाखवायला सांगितलं. त्याने दारातल्या पायपुसण्यावरून फिरवलं. डबा भरला. त्याने तो दिमाखात तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"आता रिकामा करून दाखव," आई म्हणाली.

तो म्हणाला, त्यात काय, हे बटण दाबायचं, बस.

"दाब मंग."

तो डबा घेऊन रस्त्याच्या बाजूला निघाला.

"बाहेर काहून चालला?"

"दुकानात उडंल ना मावशी. एवढे टीव्ही लावलेले हायेत, सारी धूळ त्याइच्यावर बसते."

"तुह्या दुकानात टीव्हीवर बसते," आई म्हणाली. "माह्या घरी माह्या छातीत बसते."

मिक्सर घ्यायला आलेले एक गृहस्थ मोठ्याने हसले. दुकानदारही हसला, पण डबा त्याने बाहेरच नेला, नाक बाजूला करून ओतला आणि शर्टाची बाही झटकत आत आला. मला अर्धं पान लिहूनही जे सांगता आलं नसतं ते त्या पोराच्या वळलेल्या मानेने सांगून टाकलं.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केलाच. धुऊन परत वापरायची कापडी पिशवी नाही का, म्हणून विचारलं. होती. चेन असलेली. आईने चेन उघडली, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ही झटकणार कोण एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी. तिने पिशवी काउंटरवर ठेवून दिली.

मग पिशवीवालं निघालं. जाड कागदासारखी पिशवी, तोंडाला पुठ्ठ्याचा चौकोन. मशीनमधून ओढून काढताना तोंडावर एक पडदी आपोआप सरकते आणि भोक बंद होतं. आईने ती पडदी चार-पाच वेळा सरकवून पाहिली. पिशवी हलवली, उलटी केली, दाबली. भाव मी करायला लागण्याआधीच ती म्हणाली, हे दे.

त्याच्याकडे जास्तीच्या पिशव्या नव्हत्या. मागवाव्या लागतील म्हणाला. तिथे मात्र मी गप्प बसले नाही. मशीन विकता आणि पिशवी ठेवत नाही, म्हणजे अर्धाच माल विकता, असं मी त्याला सुनावलं, आणि त्याने फोन करून मागवलेली दोन पाकिटं हातात आली तेव्हाच आम्ही दुकानातून हललो. वेसण ती वेसणच. ती कोणाच्या हातात आहे याच्यावर नजर ठेवायची, हे माझं काम.

डब्याचं मशीन आता संघटनेच्या ऑफिसात आहे. ते वाईट नाही. तिथे छाती धड असलेले चार पुरुष आहेत. आळीपाळीने मोकळ्यावर नेऊन ओततात, आणि कोणाची पाळी चुकली तर मी विचारते. पिशव्या कचऱ्यात जातात हे मला कोणी आठवून देऊ नये, मला ठाऊक आहे. पण धरती वाचवायची किंमत आजारी बाईच्या छातीतून वसूल करा, असं म्हणणाऱ्याला मी समोर बसवून वाद घालायला तयार आहे.

पहिली पिशवी भरली तो रविवार होता. मशीनवरचा लाल दिवा लागला. मी बदलते म्हटलं तर आईने मला हाताने बाजूला केलं. झाकण उघडलं, पिशवी ओढली, पडदी सरकली. ती दोन्ही हातांत पिशवी धरून जरा वेळ तशीच उभी राहिली, उबळ येईल म्हणून. आली नाही. बाहेर घंटागाडीचं गाणं वाजत होतं. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि मी निघाले, तर मागून तिचं सुरू झालं. पायात चप्पल नाही, केस विंचरले नाहीत, दार उघडं टाकलं, दूध वर येऊन राहिलं ते दिसत नाही, लोकाइले शिकवत फिरते अन घरचा गॅस बंद कराले येत नाही. सगळं एका दमात, मधे कुठेही न थांबता. मी फाटकाशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. तोवर गाडी पुढे निघून गेली, आणि मला पिशवी घेऊन अनवाणी कोपऱ्यापर्यंत पळावं लागलं.