दुसरी भाकरी

आमच्या जळगावच्या वाचक गटात आम्ही आठ-दहा बायका आहोत. गेल्या वर्षी आम्ही युद्धावरच्या कथा वाचायला घेतल्या. पंजाबीतून, बंगालीतून, सिंहलीतून मराठीत आलेल्या. माझे पती सैन्यात होते, सीमेवर मारले गेले. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे बाकीच्या जरा जपूनच बोलायच्या.

शेवटी मीच विषय काढला. "या कथांतली विधवा एक तर फोटोसमोर बसते, नाही तर खिडकीत. हिला भूक कशी लागत नाही?"

मग मी सांगितलं. बातमी आली तेव्हा मी सासरी, पिंपळनेरजवळच्या गावी होते. घर माणसांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवलं आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी पुढे ठेवली. त्यांचा तर मुलगा गेला होता. त्या अहिराणीत म्हणाल्या, "तो गया, पन तू शे ना? जेवी ले." मी जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली. दारातल्या बायका बघत राहिल्या, पण मला लाज वाटली नाही. रडायलासुद्धा अंगात बळ लागतं.

"हे तुम्ही लिहा," गटातल्या निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या.

मी शाळेत मराठी शिकवते, पण कथा कधी लिहिली नव्हती. लिहायला बसले आणि जमली. गटात वाचायची त्या दिवशी सासूबाईंनाही नेलं; त्या आता माझ्याकडेच असतात. माझ्यासमोर बसून त्या शांतपणे ऐकत होत्या. कथेतली सून मुकाट्याने जेवते, इथवर मी आले आणि त्यांनी मला थांबवलं.

"मुकाट्यानं नई. भाजीमा मीठ नई म्हनीसन तू मन्हावर चिडनी व्हती."

खरंच चिडले होते. भर सुतकात, पाहुण्यांसमोर, मिठावरून. त्यांनीही मला दोन शब्द सुनावले होते, आणि त्यानंतरच आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो होतो. मी ते तिथेच सांगून टाकलं. सगळ्या हसल्या. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या.

कथा त्या भांडणासकट एका दिवाळी अंकात छापून आली. सासूबाईंनी तो अंक शेजारणीला वाचायला दिलाय. अजून परत आलेला नाही.