सहा तासांचं काम

काय सांगू, जुना फ्यूजबोर्ड बदलायचा होता, पण आमच्या यांना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. वीज किती वेळ बंद राहील विचारलं, की सगळे इलेक्ट्रिशियन म्हणत, “स्वल्प वेळ, अक्का.”

हा बेळगावकडचा एकटाच वेगळा. त्यानं झाकण काढून एकेक वायर बोटांनी वाकवून पाहिली. आवरणाचा भुगा तळहातावर पडला.

“सहा तास.”

“अहो, वीज नसताना लावायचा ऑक्सिजनचा सिलिंडर चारच तास पुरतो. चारात बसवा ना!”

“तोंडानं चार म्हणेन, अक्का. वायर ऐकणार नाही. दुसरा सिलिंडर मिळाला की बोलवा.”

परवा बोलावलं. आल्या आल्या त्यानं विचारलं, “मिळाला सिलिंडर?”

“नको आता. हवा तेवढा वेळ घ्या.”

रिकाम्या खाटेकडे बघून त्यानं चप्पल दाराबाहेर काढली. या वेळी तास सांगितलेच नाहीत.