आतोबांचं अंतराळ

अंतराळात कुठे काय चाललंय याची पक्की बातमी सबंध रत्नागिरीत एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कोणी सहज आकाशाकडे बघितलं तरी ते थांबत, “त्या अंगाला काय नाय, सगळी गडबड ह्या अंगाला,” असं सांगत आणि चालू लागत. जन्मभर मालबोटीच्या इंजिनखोलीत तेलपाणी केलेला हा माणूस. समुद्राबद्दल विचारलं तर “खारट असतो” यापलीकडे बोलत नसे. पण एकदा त्यांची बोट जर्मनीच्या कुठल्याशा बंदराला लागली, बाहेर थंडी मरणाची, म्हणून ते ऊब मिळेल या हिशेबाने एका थेटरात शिरले, तर आत अंतराळयानांची लढाई जुंपलेली. तिथे त्यांचं जे डोकं फिरलं ते फिरलंच. त्या सिनेमाचा दुसरा भाग निघाला तो त्यांनी इटलीत गाठला. तिसरा निघायच्या आधी नोकरी संपवून ते घरी आले.

आता पहिला भाग जर्मन भाषेत, दुसरा इटालियनमध्ये, आणि आतोबांना दोन्हींतलं अक्षर कळत नव्हतं. याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे. “इंजिन बंद पडलं की माणसांची तोंडं कशी होतात ते मला ठाऊक आहे,” ते म्हणत, “त्याला भाषा कशाला लागते?” त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या पडवीत जो सिनेमा चाले तो अस्सल आमच्याकडचा होता. त्यातला तांबडा ग्रह म्हणजे आपला कातळाचा उघडा सडाच, नुसतं गवत तेवढं कमी. आणि लढाई कसली, तर भाऊबंदकीची. हिरव्या तोंडाचा तो राजा म्हणजे नायकाचा सख्खा चुलता. ग्रह सामाईक, वाटणी झालेली नाही, आणि चुलत्याने परस्पर मधोमध दगडी गडगा घालून घेतलेला. ऐकणाऱ्यांतली निम्मी माणसं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली, त्यांना हे एका दमात समजे. शेजारच्या अण्णांचा भावाशी एका हापूसच्या कलमावरून दावा चालू होता. ते प्रत्येक वेळी हळहळत, “त्या पोराने आधी स्टे आणायला हवा होता.”

माझी आत्या मात्र हे सगळं थोतांड म्हणून सोडून देई. आत बसून नारळ खवत ती मधूनच “चालू द्या तुमचं” असा आवाज देई. तिचे कान टवकारत ते एकाच ठिकाणी. यानात एक म्हातारा इंजिनवाला होता. त्याची बायको लांबच्या ग्रहावर एकटी राहायची. रोज दिवेलागणीला ती अंगणात यायची, वर बघायची, यान दिसलं नाही की आत जायची आणि म्हाताऱ्या सासूला जेवायला वाढायची. इथे आतोबांचा आवाज खाली येई. आत्या खवणी सोडून उंबऱ्याशी येऊन उभी राही. गोष्ट तोंडपाठ असूनही विचारी, “मग आला का तो?” आतोबा म्हणत, “येतो गो. शेवटाला येतो.”

हे सिनेमे रत्नागिरीला यावेत म्हणून आतोबांनी काय केलं नाही ते विचारा. आमच्या टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागत ते फक्त रविवारी सकाळी, आणि तेही मुंबईत रिळांची पार चाळण झाल्यावर. तिसरा भाग मुंबईत लागून उतरला तरी इथे पहिल्याचा पत्ता नव्हता. आतोबा मॅनेजरच्या इतके मागे लागले, की तो बिचारा त्यांना बघून मागच्या दाराने जाऊ लागला. शेवटी पहिला भाग यायचा ठरला. सिनेमाच्या पेट्या एसटीने येत. आतोबा नारळ घेऊन स्टँडवर हजर. पेटी टपावरून खाली उतरली तशी त्यांनी, देवळात घालतात तसं, तिथेच गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, ही पेटी मुंबईहून सुखरूप आणलीस, तशीच पडद्यावर सुखरूप लागू दे, कुठे रीळ तुटायचं असेल तर ते न तुटेसं कर.” आणि गाडीतून उतरणारी माणसं, हातात बोचकी धरून, सवयीने “होय महाराजा” म्हणाली. कंडक्टरसुद्धा म्हणाला.

त्याच दिवशी आत्याने जाहीर केलं, “मी पण येणार सिनेमाला.” आतोबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यात हाणामारी फार, आवाजाने डोकं उठतं, सगळं इंग्रजीत असतं, असं काय काय सांगून पाहिलं. “तुम्हाला तरी जर्मन कुठे येत होतं?” एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा पोस्टात नुकताच लागलो होतो. आतोबा मला तिथून उठवून मांडवीला जेटीवर घेऊन गेले.

“त्यात ती बाई नाय रे,” ते म्हणाले.

“कुठली बाई?”

“दिवेलागणीची. इंजिनवाला आहे, पण त्याला बायकोबियको काय नाय. ती मी घातली. तुझ्या आत्याची मला आठवण यायची. तोंडाने सांगायला जमत नाय आपल्याला, म्हणून सिनेमात घातली. आता तुझी आत्या येऊन बघणार, आणि म्हणणार हे खोटं, तर तुमचं बाकीचं तरी काय खरं?”

मी त्यांना उठवून घरी घेऊन आलो.

रविवारी आमची अर्धी आळी टॉकीजला लोटली. आतोबा लग्नातला कोट घालून आले होते, आणि त्या कोटात चोरासारखे बसले होते. हिरवा राजा पडद्यावर आला तसे अण्णा मोठ्याने म्हणाले, “हाच तो चुलता.” सगळ्यांना गोष्ट चोख कळत होती. इंग्रजीची कोणाला अडचण झाली नाही. इंजिनवाला आला तेव्हा आतोबांना खोकल्याची उबळ आली. आत्या ताठ बसून एकटक बघत राहिली. इंजिनवाल्याने यान दुरुस्त केलं, पुन्हा बिघडलं, पुन्हा केलं, सिनेमा संपला, दिवे लागले. बाई काही आली नाही.

घरी जाताना आतोबा दोन पावलं मागेच चालत होते. चढाव लागला तिथे कसंबसं म्हणाले, “गावाला येईपर्यंत रिळं कापतात गो.”

“तर काय,” आत्या म्हणाली, “नेमकं चांगलं असतं तेवढंच कापतात मेले.”

मग थोडं पुढे गेल्यावर, त्यांच्याकडे न बघता, ती म्हणाली, “म्हातारा सबंध सिनेमाभर एकटाच होता हो. मी इकडे निदान चार माणसांत होते.”

आतोबा थांबले. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून त्यांनी रुमाल काढला, आणि आत्या त्यांचं होईपर्यंत उन्हात तशीच उभी राहिली. पुढचे दोन्ही भाग त्यांनी जोडीने बघितले. आता दोघंही नाहीत. असा एखादा सिनेमा लागला की मी अजून जातो. कोणी यानाच्या इंजिनाशी खटपट करताना दिसला, की त्याला घरी कोणी आहे की नाही हे मला आधी कळावंसं वाटतं, आणि ते सिनेमात कधीच सांगत नाहीत.