शेठ 'बसा' म्हणेपर्यंत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साठतात. माझं जालन्यात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दिवसभर कापड कापलं की तुकडे कोपऱ्यात पडत जातात, आणि एक दिवस बघावं तर दार उघडायला जागा नाही! आमच्या रविवारच्या कंपनीचं तसंच झालंय. एक किस्सा ओढायला जावं तर त्याला अडकून दुसरा बाहेर येतो.

कंपनी म्हणजे आम्ही चौघं. एक मी. दुसरे देशमुख सर, परतूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, पण मोबाईलवर चोवीस तास गाड्यांचे व्हिडिओ. तिसरा सलीमभाई, शहागडला हायवेवर त्याचं टायरचं दुकान. आणि चौथा भास्कर, पिंपळगाव रेणुकाईचा. मिरची पिकवतो, स्वतःच्या पिकअपमध्ये भरतो आणि स्वतःच बाजारात नेऊन घालतो.

रविवारी सकाळी समृद्धीच्या इंटरचेंजबाहेर एका चहाच्या हॉटेलावर आम्ही बसतो. कारण मुंबई-नागपूर पळणाऱ्या त्या बुटक्या, रुंद, परदेशी गाड्या कधीमधी तिथं उतरतात. आम्ही फक्त बघतो. भास्करला मात्र बघून भागत नाही.

"आपल्याला चालवायची न्हाई. फोटो बी नको," तो म्हणतो. "येकदा आत बसून दार लावून घ्यायचंय. बस्स!"

"मग विचार ना एखाद्या मालकाला," मी म्हणालो.

"विचारून बसायला ती काय एसटी हाय का? मालकानं सोताहून 'बसा' म्हणलं पायजे."

आता पुढचं सगळं ह्या एका 'बसा'साठी झालेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

*

पहिला मान सलीमभाईचा. त्याच्या दुकानासमोर एकदा लाल रंगाची अशी गाडी थांबली. गॉगलवाला पोरगा उतरला, म्हणाला, "जरा हवा बघता का?"

सलीमभाईनं आयुष्यभर ट्रकच्या टायरची हवा बघितलेली. मीटर-बिटर काही नाही. लोखंडी टॉमी उचलायची, टायरवर दणका द्यायचा, आवाजावरून हवा सांगायची. त्यानं टॉमी उचलली आणि दिला की दणका!

पोरगा किंचाळला. असा किंचाळला की पलीकडच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर हातातली भाकरी घेऊन धावत आले!

सलीमभाई शांत. म्हणाला, "हवा बराबर है. आपकी तबीयत देखो."

त्याला आजही कळलेलं नाही की त्याचं चुकलं काय. हवा तर खरंच बरोबर होती.

*

दुसरा प्रकार हॉटेलावरच घडला. एक पुण्याचे गृहस्थ, सोबत पांढरी, जमिनीला चिकटलेली गाडी. भास्कर अदबीनं पुढे गेला, नमस्कार केला आणि आपल्याकडे गाडीवाल्याला जे पहिलं विचारतात तेच विचारलं, "साहेब, किती देती?"

"चार," ते म्हणाले.

भास्करचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं पंधरा-वीस तरी सांगतील. कुणाच्या घरी आजारी माणूस असल्यावर बोलावं तसा आवाज काढून तो म्हणाला, "दाखवून घ्या साहेब. कुठंतरी लीकेज असंल. आमच्या इथं भोकरदन नाक्यावर येक मिस्त्री हाय, हात लई चांगला हाय त्याचा."

आणि नंबरही दिला! त्या गृहस्थांनी तो मुकाट्यानं लिहूनसुद्धा घेतला. गाडी गेल्यावर सर भास्करवर उखडले. "अरे, असल्या गाडीचा अ‍ॅव्हरेज विचारणं म्हणजे अपमान असतो!"

"अपमान? मी तर इचारपूस केली!"

"तेच ते!"

"न्हाई सर, इचारपूस न्हाई केली तर अपमान असतो," भास्कर म्हणाला.

*

आणि मग जालन्यातच गाडी आली! नथमलशेठनी घेतली. शेठचा सळईचा कारखाना. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण आता एवढ्या पिढ्या इथं झाल्या की शेठ ठेचा आमच्यापेक्षा जास्त खातात. गाडी इटलीची, पिवळीधमक. दारं बाजूला उघडत नाहीत, वर जातात. रविवारी शेठ ती घेऊन हॉटेलावर येणार अशी पक्की बातमी लागली.

आता गावातल्या माणसानं नवी गाडी घेतली आणि आपण नुसतं टकामका बघत बसायचं, हे काही बरं दिसत नाही. आम्ही हार आणला. नारळ आणला. हळदीकुंकू हॉटेलवाल्यानं देव्हाऱ्यातून काढून दिलं.

शेठ उतरले, हसले, हार गळ्यात घालून घेतला. तोवर सगळं छान! मग भास्करनं चाकासमोर दगडावर नारळ फोडला, त्याचं पाणी उडालं बॉनेटवर, आणि मी नुकतंच बोटानं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक ओघळायला लागलं. भास्करनं चटकन खांद्यावरचं उपरणं काढलं. आठवडाभर मिरचीचे क्रेट उचलताना तेच खांद्यावर असतं, शेताची अर्धी माती त्यात.

"पुसू नका!" शेठ ओरडले.

"असं कसं शेठ! पुसतो की!"

"अरे नको, नको! पुसू नका!"

"तुमी बसा निवांत, आपल्या घरचंच काम हाय!" म्हणत भास्करनं असं घासलं, असं घासलं की कुंकू तर गेलंच, सोबत वरची चमकही गेली.

शेठ बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत राहिले. चहा अर्धा ठेवून निघून गेले.

त्यानंतर रविवारमागून रविवार गेले, पण पिवळी गाडी काही येईना. भास्कर रस्त्याकडे तोंड करून बसायचा. "तीनदा न्हाई म्हणले रे ते," एकदा मला म्हणाला, "पन मला वाटलं लाजून म्हणून राह्यले." मला फार वाईट वाटलं. कारण मलाही तसंच वाटलं होतं.

*

सरांनी मग कंपनीला नियम घालून दिले. हात लावायचा नाही. अ‍ॅव्हरेज आणि किंमत विचारायची नाही. फोटो विचारून. बसू का म्हणून तर चुकूनही विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: मालक एकदा 'नको' म्हणाला की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारायचं नाही!

"येकदाच?" भास्कर म्हणाला. "मंग आग्रह कवा करायचा?"

"करायचाच नाही."

"पन सर, आपल्यात पहिलं 'नको' कोण मोजतं? पहिल्याच बारीला 'हो' म्हणाला तर लोक म्हणतील उपाशी आल्ता काय!"

सर म्हणाले, प्रॅक्टिस करू. भास्करची पिकअप झाली परदेशी गाडी, सलीमभाई झाला मालक. सरांचा गॉगल लावून तो पिकअपला टेकून उभा राहिला. सर स्वतः पुढे गेले, दोन हात लांब थांबले आणि वर्गात बोलतात तसं बोलले, "नमस्कार. आपली गाडी अतिशय देखणी आहे. एक छायाचित्र घेऊ का?"

"नक्को," सलीमभाई म्हणाला.

"अहो, एकच!" सर म्हणाले.

आम्ही हसून हसून बेजार! सर म्हणाले, "हे... हे चुकून झालं. पुन्हा घेऊ." पुन्हाही तेच झालं. रक्तातच आहे, काय करता!

*

पण एकदा नियम अंगात मुरले ते असे मुरले की विचारू नका.

एका रविवारी हिरवी गाडी हॉटेलासमोर येऊन थांबली. आम्ही चौघं उठलो, ठरल्याप्रमाणे लांब उभे राहिलो, हात मागे बांधले आणि तोंडं बंद. मालक आत बसलेला. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. त्यानं काच खाली केली, परत वर केली. परत खाली केली.

"काही... काही झालंय का इथं?" त्यानं विचारलं.

"नाही. आम्ही आदर करतोय," सर म्हणाले.

तो घाबरला. गाडी चालू करायला गेला तर ती होईना! शेवटी बिचारा उतरला आणि हात जोडून म्हणाला, "अहो, धक्का तरी मारा!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सर पुढे झाले. "धक्का मारायचा म्हणजे हात लावावा लागेल. चालेल का?"

"चालेल हो!"

"नक्की? कुठं लावू, तेवढं दाखवा."

शेवटी त्यानं सरांचे दोन्ही हात स्वतः धरून गाडीच्या पाठीवर ठेवले.

*

हा किस्सा जालनाभर झाला आणि फिरत फिरत नथमलशेठच्या कानावर गेला. पुढच्याच रविवारी पिवळी गाडी हॉटेलासमोर हजर! ओरखडे गायब. आम्ही लांब उभे.

शेठ चहा घेत म्हणाले, "सुना है, तुमी लोकांनी नियम केले?"

सरांनी अभिमानानं सगळे म्हणून दाखवले. शेठनी मान हलवली. "ये अच्छा है. एक बार 'नको' बोला, बात खतम. पटलं आपल्याला!"

मग त्यांनी भास्करकडे बघितलं. भास्कर सगळ्यांच्या मागे, उपरणं घरीच ठेवून आलेला. शेठनी गाडीचं डावीकडचं दार वर उचललं आणि म्हणाले, "भास्करराव, बसा."

बसा! मालकानं, स्वतःहून!

भास्कर म्हणाला, "नको नको शेठ. राहू द्या."

"बरं," शेठ म्हणाले. दार खाली घेतलं आणि निघून गेले.

मग भास्करनं कपाळावर हात मारला. "आरं, मी 'नको' म्हणलो म्हंजी 'हो'च म्हणलो की!"

"मग 'हो' म्हणायचं ना!" मी म्हणालो.

"लगीच? कसं दिसतं ते!"

"आता ते दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत," सर म्हणाले. "नियम आहे."

"कोणी केला तो नियम?" भास्कर म्हणाला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोबाईल काढला.

*

त्याच्या पुढच्या रविवारी शेठ परत आले. दार परत वर केलं आणि तसंच ठेवलं. पण बोलेनात. एका बाजूला शेठ उभे, दुसऱ्या बाजूला भास्कर, मध्ये ती रिकामी सीट. शेठ विचारणार नाहीत, कारण एकदा 'नको' ऐकलं. भास्कर विचारणार नाही, कारण विचारून बसणं त्याला मान्यच नाही. दोघं मिरचीच्या भावाबद्दल बोलत राहिले. भाव संपले, मग पावसाबद्दल बोलले. तोही संपला.

एकदम भास्कर म्हणाला, "शेठ, आमच्या गाडीत बसता का?"

"नको नको," शेठ म्हणाले.

सरांनी भास्करची बाही ओढली. भास्करनं सोडवून घेतली. "तो नियम त्यांच्या गाडीला, सर. ही माजी गाडी हाय!" आणि त्यानं सरळ शेठचा हात धरला. "असं कसं शेठ! बसावंच लागंल!"

"अरे भास्करराव, नको..."

"बसा म्हंतो ना!"

शेठ बसले! जाता जाता पिकअपच्या खिडकीतून आमच्याकडे बघून म्हणाले, "गाडी पे ध्यान रखो." किल्ली पिवळ्या गाडीतच. दार वर.

आम्ही तिघं लक्ष ठेवत उभे राहिलो. सलीमभाई हळूच म्हणाला, "बैठें क्या, मास्टरसाब?"

"ध्यान ठेवा म्हणालेत. बसा नाही म्हणाले," सर म्हणाले.

ऊन वर आलं. एक कुत्रं आलं आणि त्या उचललेल्या दाराच्या सावलीत निवांत पसरलं. त्याला कुणी नियम सांगितलेले नव्हते.

पिकअप परत आली तेव्हा चालवत होते नथमलशेठ! शेजारी भास्कर. मागे मिरचीचे क्रेट होते, आणि दोघांचीही नाकं-डोळे लाल. शेठ उतरले, चारदा शिंकले, रुमालानं नाक पुसलं आणि हसत हसत पिवळ्या गाडीकडे गेले. आम्हाला वाटलं, आता निघाले.

शेठ वाकले आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. दार खाली ओढून घेतलं. समोर बघत राहिले.

स्टेअरिंगची सीट रिकामी.

भास्करनं आमच्याकडे बघितलं. आम्ही सरांकडे. सर त्या रिकाम्या सीटकडे.

भास्कर सावकाश त्या बाजूला गेला. दार वर केलं. पायातल्या चपला काढल्या, रस्त्याच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या, आणि वाकून आत गेला. दार हळूच खाली आलं.

गाडी गेली. आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

कुणाचा पाय पडू नये म्हणून सलीमभाई चपला उचलून बाजूला ठेवायला वाकला.

सर म्हणाले, "हात लावू नका."