एका काडीमोडाची दोन पाने

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध भर वैशाखातही मन निववतो. पण यंदा तो कितीही दरवळला तरी माझे डोके तापलेलेच राहते. समोर उजळलेला पडदा, बोटांखाली कळफलक, खिडकीतून पांझरेच्या कोरड्या पात्रावरची झळ, आणि या साऱ्याहून तप्त असा माझा संताप! कशाचा, ते सांगते.

पाने रचणे हा माझा व्यवसाय. वेबसाइटचे पान पुस्तकातल्यासारखे आधी छापून ठेवलेले नसते, हे किती जणांना ठाऊक असेल? कुणी मागितले की दूरचा सर्व्हर मी लिहून ठेवलेला साचा घेतो, त्यात साठवलेली नावे, फोटो, शिक्षण भरतो आणि निमिषार्धात पान रचून मागणाऱ्यापुढे ठेवतो. पुढच्यासाठी पुन्हा नव्याने. एक साचा आणि असंख्य पाने! हे प्रथम शिकले तेव्हा त्यातल्या समभावाने मी हरखून गेले होते. साच्याला लहान-थोर कळत नाही. जे द्याल ते सगळे, आमच्या बोलीत ‘बठ्ठं’, तो सारख्याच निगुतीने मांडतो. भेद त्याला शिकवावा लागतो, आणि शिकवणारा माणूसच असतो.

आमच्या समाजाच्या मंडळाने वधू-वर परिचयाची साइट करायला दिली, तेव्हा ही शिकवणी माझ्या गळ्यात पडली. मंडळाचे प्रमुख नाना पारोळ्याचे. सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेली, बोलणे साखरेचे. आमच्या खानदेशात बाईच्या दुसऱ्या लग्नाला गंधर्व म्हणतात. नाव किती स्वर्गीय! आणि विधी? ना मांडव, ना हळद, ना वाजंत्री. चार माणसांत उरकून टाकायचा. नानांचे म्हणणे असे, की फारकत झालेल्या मुलींची पाने मुख्य यादीत नकोत. अगदी शेवटी ‘गंधर्व विभाग’ करावा आणि प्रत्येकीच्या नावावर लाल पट्टी यावी. फारकत झालेल्या मुलांचे काय, असे मी विचारले. ते हसले. "बेटा, पोऱ्यानं चालस. पोरीना बाबतमा लोके इचारतस, मंग काय करो?"

एकदा डोळ्यांनी पाहिले की त्यांनाच ओशाळे वाटेल, अशा समजुतीने मी चाचणीपुरती ती अट साच्यात लिहिली.

माझी धाकटी बहीण मनीषा फैजपूरचे सासर सोडून परत आलेली. देवपूरच्या एका शाळेत ती गणित शिकवते, आणि मोठ्या हिमतीने तिने पुन्हा लग्न करायचे ठरवले आहे. साइटसाठी आपली माहिती तिने स्वतः भरली होती. आवडीत ‘पोहणे’ लिहिले होते, फोटोही हसराच निवडला होता. चाचणी पाहायला ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मुख्य यादी उघडली, आणि वरांच्या पहिल्याच पानावर तिचा पूर्वीचा नवरा! नवा सदरा, नवा फोटो, नावावर कसलीही खूण नाही. जणू बोहल्यावर प्रथमच चढायचे आहे. मग मी खाली गेले, आणखी खाली गेले, आणि तळाशी, लाल पट्टीखाली, मनीषा. लग्न एकच, काडीमोड एकच, कोर्टाचा निकाल एकच, आणि त्याची ही दोन पाने! कोणत्या तोंडाने याला समाजसेवा म्हणायचे?

"ताई, मी इतली खाले का बरं?" तिने हळूच विचारले.

मी कळफलक पुढे ओढला. राग असा उसळला, की ती अट मी तिथल्या तिथे पुसली. नानांना कळवले, पट्टी लावायची तर दोघांनाही लावेन, नाहीतर कुणालाच नाही. दुसऱ्याच दिवशी काम जळगावच्या कुणाकडे गेले आणि थोड्याच दिवसांत साइट सुरूही झाली. तो वर, ती तळाशी, लाल पट्टीसकट. जो कुणी ते पान मागेल, त्याच्यासाठी तो अन्याय आता नव्याने, न थकता रचला जातो. कुणाचाही हात त्यात दिसत नाही, याचीच मला अधिक चीड येते.

काल मनीषाने स्वतः नानांना फोन लावला. आवाज चढवला नाही, रडली नाही. "नाना, त्याना नाववर बी पट्टी लावा, नही ते मना नाववरनी काढा," एवढेच म्हणाली. पलीकडचे उत्तर मलाही ऐकू आले.

"बेटा, मी लगेच करतू, पन कम्प्युटर ते लेत नही."

कम्प्युटर घेत नाही! एक ओळ पुसायची, मुलांच्या वहीतला चुकलेला आकडा खोडण्याइतके सोपे काम! आपल्या मनातली अढी यंत्राच्या गळ्यात बांधून ही माणसे किती निर्धास्त होतात, आणि वर ‘बेटा’ म्हणतात!

फोन ठेवून मनीषा माझ्याकडे वळली. नानांचे म्हणणे खरे निघावे, असे तिला मनापासून वाटत होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. आपल्याला खाली ठेवले ते यंत्राने, आपल्या माणसांनी नव्हे, एवढा तरी दिलासा.

"ताई, खरंच लेत नही का?"

तिच्याशी खोटे बोलणे मला जमले नाही.

"लेस व," मी म्हणाले. "बठ्ठं लेस."