मुलं नाहीत, असं लिहा

पाटलाच्या नातवानं पाटी माह्या पायापाशी ठेवली अन् दोन पावलं मांगं सरकला. मी वाकलो, पाटी उचलली. बेरजेत हातचा राह्यला होता. मी तो मांडून देल्ला, पाटी भुईवर ठेवली. पोट्ट्यानं तांब्यातलं पानी पाटीवर शिपडलं अन् मंगच उचलली. हातचा वाहून गेला.

बाकीचे पोट्टे हासले. मी त्या शाळेचा मास्तर होतो. सरकारी हुकमाचा. अन् जातीनं महार.

रोजचंच होतं ते. मास्तरनं शिवेल पाटी शुद्ध करून घे, असं घरून सांगून पाठवत. त्या आठ वर्साच्या लेकराचा काय दोष! मी त्याले म्हटलं, "बाबू, हातचा गेला ना रे. आता बेरीज कशी करशीन?"

"तुमी तोंडानं सांगा ना मास्तर. तोंडानं सांगतलं का पानी नाही टाका लागत."

मंग तोंडानं सांगू लागलो. काय करता! गावात कोनी खोली देल्ली नाही, म्हनून कामरगावाहून दोन कोस पायी येत होतो. पन खरं सांगतो, मले शिकवाची लय हौस होती.

दिवाळी झाली अन् पट गळू लागला. पाटलानं नातू कारंज्याले ठेवला. त्याचं पाहून बाकीच्यायनं बी आपापले पोट्टे काढले. राह्यले सात. साती गावाबाहेरच्या महारायच्या वस्तीतले, आतापर्यंत बाहेर ओट्यावर बसनारे. वर्ग रिकामा पडला होता, मी त्यायले आत घेतलं. त्यात एक चिमी होती. तिनं पाटी माह्या हातात देल्ली. मी हातचा मांडला. तो तसाच राह्यला. माह्या डोळ्यात पानी आलं, लाज कायची सांगाले!

मंग शाळाखात्याचे दिपोटी सायब तपासनीले आले. सायब अन् पाटील ओट्यावर खुर्चीत. मी खाली उभा, माह्याच शाळेच्या दारात.

सायब म्हने, "मुलं नाहीत, शाळा बंद करण्यास हरकत नाही, असं लिहा. तुम्हाला दुसरीकडे लावून देतो."

मी थकलो होतो. टाचा फुटल्या होत्या, रोजचं पानी पाहून जीव विटला होता. टाक घेतला. लिहतच होतो, खोटं कायले बोलू? तेवढ्यात आतून चिमीचा आवाज आला. बेचा पाढा म्हनून राह्यली होती, मांगं सहा जन.

मी म्हटलं, "सायब, हे मंग कोन होय?"

पाटील म्हने, "ते कायचे पोरं रे! त्यायले कोनी मोजते काय?"

मी शिवेल पाटीवर इतके दिवस पानी शिपडलं, ते मी गिळलं. हे नाही गिळल्या गेलं. टाक मी पाटलाच्या पायापाशी भुईवर ठेवला अन् दोन पावलं मांगं सरकलो.

"तुमी लिहा. माह्या हातानं हे होनार नाही."

शाळा बंद झाली. नोकरीबी गेली. आता दिवसभर लोकाच्या वावरात राबतो, अन् तिथून त्या वस्तीत जातो, लिंबाखाली बसतो. पाय दुखतेत. सातायचा पट माह्यापाशी हाय, चिमीचं नाव पहिलं. रोज हजेरी घेतो. मुलं नव्हती असं जो कोनी म्हनीन, त्याच्या तोंडावर साती नावं वाचीन.